आईच्या पायातलं जोडवं

आमच्या घरात कुठल्याही मुलीला लग्नात जोडवी घालायची वेळ आली की माझ्या आईची गोष्ट निघते. पाय सडला, पण नवरा जिवंत असताना तिने जोडवं उतरू दिलं नाही. ऐकणाऱ्या बायका हात जोडतात. ही गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे, आणि मी नव्वदीला टेकलो आहे.

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर आम्ही अंधेरीला एका चाळीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. बाबांना दम्याने खाटेला खिळवलं होतं. मी बावीस वर्षांचा, एका कचेरीत नुकताच चिकटलेला कारकून. आईला मधुमेह होता. तिच्या पायांना काही कळेनासं झालं होतं, आणि ते तिलाही ठाऊक नव्हतं. एकदा शेगडीतला निखारा उडून तिच्या टाचेखाली आला. कातडी जळल्याचा वास सुटला तेव्हा ती म्हणाली, "कुणाचं दूध उतू गेलं बघ रे."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लघवी तपासली, इंजेक्शनं लिहून दिली आणि पाय तिथल्या जखमा धुऊन बांधणाऱ्या ड्रेसरच्या हवाली केले. हा ड्रेसर मरोळच्या बाजूच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणातला, पन्नाशीचा, घरची भातशेती असलेला माणूस. पायांचे वेगळे डॉक्टर असतात हे तेव्हा आमच्या कानावरही आलं नव्हतं. आज माझे पाय तपासणारी मुलगी तेवढंच शिकून आली आहे, दारावर तिची पाटी आहे. त्या माणसाला कुणी शिकवलं होतं, देव जाणे. पण करायचा तो हेच.

दर रविवारी चर्चमधली मिस्सा ऐकून तो आमच्याकडे यायचा. घमेल्यातल्या कोमट पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून बघायचा. आईच्या बोटांच्या बेचक्या एकेक उघडून कोरड्या करायचा. नखं सरळ कापायचा, कडा कोरायचा नाही. चपलेत हात घालून खडा, खिळा चाचपायचा. मग कापसाची वात वळायचा.

"डोळे मिटा, बाय. लागलं की सांगा."

आई डोळे मिटून बसायची. थोड्या वेळाने म्हणायची, "अरे, सुरू तरी कर."

तोवर तळव्यावरून वातीची तिसरी फेरी झालेली असायची.

गणपती आटोपल्यावर तिच्या उजव्या पायाचं दुसरं बोट सुजलं. लग्नातलं जाड चांदीचं जोडवं त्यात रुतलं आणि खाली जखम झाली. दुखत नव्हती, म्हणून आम्हाला समजलीच नाही. ड्रेसरने बोट दाबलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "साबणाने निघायचं नाही हे. कापायला पाहिजे. उद्या संध्याकाळी पक्कड आणतो, दोन मिनिटांचं काम आहे. ठेवलं तर बोट जाईल, बोटामागून पाय."

तो गेल्यावर आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. बाहेर बाबा खोकत होते.

"कापून टाका तुम्ही दोघं," ती हळूच म्हणाली. "ह्यांना सांगू नकोस, उगाच जिवाला लावून घेतील. दुसरं एखादं पातळसं शेजारच्या बोटात चढवीन. वाकून कोण बघतंय?"

"लोक बघतात, आई."

"बघू देत. पाय माझा आहे ना?"

त्या आठवड्यात बहिणीला बघायला पार्ल्याची माणसं येणार होती. बाप अंथरुणाला खिळलेला आणि आईच्या पायात जोडवं नाही, हे त्यांच्या नजरेस आलं तर? जोडवं काढल्यावर बाबांना काही झालं असतं तर जन्मभर बोल माझ्याच माथी आला असता. ही कारणं मी आज लिहितो आहे. तेव्हा फक्त भीती होती.

दुसऱ्या दिवशी मी जिन्यात थांबलो. ड्रेसर कागदात गुंडाळलेली पक्कड घेऊन वर येत होता.

"आई नको म्हणते," मी म्हणालो.

"बाय असं बोलली? काल तर मलाच म्हणाली, लवकर ये."

"सवाष्ण आहे ती. पाय गेला तरी चालेल म्हणते, पण जोडवं काढणार नाही."

"मला दोन शब्द बोलू दे तिच्याशी."

"झोपली आहे."

त्याने पक्कड काखेत मारली. उद्या येऊ का, म्हणाला. मी कळवतो म्हटलं. कळवलं नाही.

दिवेलागणीला आईने विचारलं, "आला नाही का रे तो?"

"नाही. कामात असेल."

"मग सोनाराकडे तरी घेऊन चल."

"उद्या बघू."

पार्ल्याची माणसं आली, पोहे खाऊन, होकार देऊन गेली. आईच्या पायाकडे कुणी पाहिलंही नाही. तोवर बोट काळं पडलं होतं. तिला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या नर्सने कुणाला न विचारता जोडवं कापून माझ्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी गुडघ्याखालून पाय काढला. जोडव्याचं बाबांना मी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, कोण जाणे. ते पुढे नऊ वर्षं जगले.

आई तीन आठवडे. त्यातली एकच दुपार सांगायची राहिली आहे. चाळीतल्या बायका तिला बघायला आल्या होत्या. जिन्यातलं माझं बोलणं शेजारच्या रत्नागिरीकडच्या काकूंनी ऐकलं होतं. त्या आईच्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "धन्य आहे हो तुमची! तो ड्रेसर दारात आलेला, त्याला परत पाठवलंत. नवऱ्यासाठी पाय दिलात."

आईने काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो आला होता हे तिला तेव्हा कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी बोलावं म्हणून थांबली होती, यात मला तेव्हाही शंका नव्हती. मी खाली बघत राहिलो.

"हो," आई काकूंना म्हणाली. "मीच नको म्हटलं."