अकरा फटफट्या आणि एक मिनिट

काटेवाल्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. वजन सांगितलं.

गावाबाहेर, खडीच्या खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यावर, त्यांचा वजनकाटा आहे. जमिनीलगत बसवलेला लोखंडी फलाट. त्यावर ट्रक चढवायचा, शेजारच्या केबिनच्या खिडकीतून वजनाची चिठ्ठी घ्यायची आणि चालू पडायचं. सासऱ्यांकडून माझ्या गळ्यात पडलेली जुनी फटफटी नेमकी त्या फलाटावर बंद पडली. मी किक मारून मारून घामाघूम झालो, तेव्हा खिडकीतून आधी एक टक्कल बाहेर आलं, मग चष्मा, मग आवाज.

"गाडी एकशे एकोणसाठ, तुम्ही एक्क्याऐंशी."

काट्यावर आम्हा दोघांचे मिळून दोनशे चाळीस दिसत होते. त्यातलं गाडीचं किती आणि माझं किती हे या गृहस्थाने नुसतं बघून वेगळं काढलं होतं.

"मी अठ्ठ्याहत्तर आहे," मी छाती काढून म्हणालो.

"होतात. लग्नात."

माझी बायको आजही शपथेवर सांगते की त्यांनी माझ्या खिशातल्या रुमालाचंही वजन सांगितलं आणि तो ओला आहे हेही सांगितलं. ती तिथे नव्हती, पण आमच्या घरात अशा बाबतीत हजर असणाऱ्याला विचारायची पद्धत नाही.

सव्वीस वर्षं काट्यावर काढलेल्या या माणसाला फटफटी चालवता येत नाही. एकदा कुणाच्या तरी मागे बसले होते, तेही डोळे मिटून. तरीही ते आमच्या जुन्या फटफट्यांच्या क्लबचे चिटणीस. त्याचं कारण साधं आहे. क्लबची बैठक त्यांच्या केबिनसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. चिटणीस कुणी व्हायचं यावर सगळे एकमेकांकडे बघत असताना काटेवाले चहा टाकायला आत गेले, आणि कपबशा घेऊन बाहेर आले तेव्हा ते चिटणीस झालेले होते.

क्लबची अवस्था तेव्हा अगदीच केविलवाणी होती. दरवर्षी शर्यत व्हायची आणि दरवर्षी दंतवैद्य जिंकायचा. सलग पाच वर्षं. त्याची गाडी सगळ्यांत वेगवान होती, आणि त्याला ते माहीत होतं, हा त्यातला जास्त त्रासाचा भाग. हळूहळू एकेक जण गळत गेला. शेवटच्या वर्षी तर दंतवैद्याच्या विरुद्ध तीनच जण उतरले, आणि तिघेही त्याचे पेशंट होते, ज्यांच्या दाढांचं काम अर्धवट राहिलं होतं.

"यंदा सूट देऊन शर्यत घ्यायची," काटेवाल्यांनी जाहीर केलं. "सगळ्यांत हळू गाडी सगळ्यांत आधी सोडायची. मग तिच्याहून जरा बरी, मग तिच्याहून बरी. दंतवैद्य शेवटी. हिशेब बरोबर असला तर सगळे एकदमच रेषेवर पोचतील. मग कुणीही जिंको."

"कुणीही म्हणजे?" दंतवैद्याने विचारलं. हा शब्द त्याने या संदर्भात पहिल्यांदाच ऐकला होता.

बातमी पसरली आणि आठवड्यात अकरा जणांनी नावं दिली. बक्षिसंही जमली. पहिलं बक्षीस विजेच्या सामानाच्या दुकानदाराने दिलेला छताचा पंखा. दुसरं, नवा कोरा टायर. तिसरं दंतवैद्याने स्वतः दिलं: एक दाढ मोफत काढून मिळेल.

सूट ठरवायची तर प्रत्येकाचा वेग माहीत हवा. म्हणून काटेवाल्यांनी एका रविवारी सकाळी सगळ्यांना बंद पडलेल्या कारखान्याभोवतीच्या रस्त्यावर बोलावलं. एक फेरी बरोबर दोन किलोमीटरची. प्रत्येकाने एकट्याने मारायची, काटेवाले घड्याळ लावणार.

आता, जितकं हळू जाल तितकी जास्त सूट मिळणार, हे अकरा जणांना अकरा वेगवेगळ्या वेळी, आपापल्या घरी, एकट्यालाच सुचलं होतं.

त्या सकाळसारखी शर्यत जगात कुठे झाली नसेल. बेकरीवाला इतका हळू आला की गाडीचा तोल गेला आणि तो बिचारा शांतपणे, कसलीही घाई न करता, आडवा झाला. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची गाडी जोडडब्याची होती, म्हणजे साइडकारवाली; डब्यात त्यांचा धाकटा भाऊ बसायचा. त्यांनी अर्ध्या वाटेत गाडी थांबवली, इंजिन तापलंय म्हणाल्या आणि थर्मासमधला चहा भावाला पाजला. दंतवैद्य, एरवी ज्याची पाठच आम्हाला दिसायची, तो कण्हत कण्हत आला. त्याला सायकलवरच्या दूधवाल्याने घंटी वाजवून बाजूला व्हायला लावलं. मीही काही धुतल्या तांदळासारखा नव्हतो. मागच्या चाकातली अर्धी हवा मी घरूनच सोडून आलो होतो.

काटेवाल्यांनी सगळं गंभीर चेहऱ्याने वहीत लिहून घेतलं. बेकरीवाल्याच्या कोपराला औषधही लावलं. "छान," म्हणाले, "कुणाला किती सूट, ती यादी बुधवारी लावतो."

बुधवारी शेडमध्ये यादी लागली आणि पाच मिनिटांत तिथे भांड्याला भांडं लागलं. रविवारच्या वेळांशी त्या यादीचा काडीचा संबंध नव्हता. पहिला मी सुटणार होतो; दंतवैद्य माझ्यानंतर सात मिनिटं वीस सेकंदांनी.

"सात मिनिटं?" दंतवैद्य ओरडला. "अहो, रविवारी दूधवाला माझ्या पुढे गेला!"

"पाहिलं मी. चांगला माणूस आहे तो." काटेवाल्यांनी टेबलाच्या खणातून दुसरी वही काढली. फुगलेली, कोपरे दुमडलेली. "माझ्या खिडकीतून वळण दिसतं आणि पूल दिसतो. मध्ये सरळ रस्ता. तीन वर्षं तुम्ही सगळे तिथून जाता, आणि कुणी बघत नाही असं वाटून तिथेच गाडी पिळता. वाचू? दंतवैद्य, मंगळवार, वारा पाठीवर, एकटे: एक्केचाळीस सेकंद. दंतवैद्य, शनिवार, मागे सासूबाई: सदुसष्ट सेकंद. बेकरीवाले, पावांच्या पाट्या भरलेल्या: एकोणसाठ. पाट्या रिकाम्या: पन्नास. बाई, भाऊ डब्यात: चौसष्ट. बाई, भाऊ डब्यात आणि भांडण चालू: अठ्ठावन्न."

"तो मला उशीर करवतो," बाई पुटपुटल्या.

"ताई, तूच उशिरा उठतेस," डब्यातला भाऊ म्हणाला.

"अहो, पण रविवारची फेरी मग कशासाठी?" मी विचारलं.

काटेवाले चष्मा पुसत म्हणाले, "ट्रकवाले रिकामी गाडी तोलायला आणतात ना, तेव्हा ती जड भरावी, म्हणजे नंतर भरलेला माल कमी दिसेल, म्हणून क्लीनरला मागे ताडपत्रीखाली झोपवतात. मी रोज चार तरी माणसं ताडपत्रीखालून बाहेर काढतो. रविवारी मला फक्त बघायचं होतं, आमच्या क्लबात ताडपत्रीखाली कोण कोण आहे. अकराच्या अकरा निघालात."

 दंतवैद्य पुढे सरसावला.

"ठीक आहे. तुमचा हिशेब इतका चोख असेल तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे एका मिनिटात रेषा ओलांडतील. ओलांडली तर ही पद्धत कायम, मी परत तोंड उघडणार नाही. नाही ओलांडली तर पुढच्या वर्षीपासून पहिल्यासारखी सरळ शर्यत. एकदम सुटायचं, पुढे तो पुढे. कबूल?"

"कबूल," काटेवाले म्हणाले. आत चहा गाळणाऱ्या त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, गाळणी खाली ठेवली.

"शहाणे आहात," त्या नंतर म्हणाल्या. "तो मुद्दाम हळू गेला तर?"

"त्याला मागे राहणं जमत नाही. ते मी धरलंय."

"आणि तुमचं धरणं चुकलं तर? सरळ शर्यत झाली की ही मंडळी परत घरी बसतील. मग इथे रविवारी कुणाला चहा द्याल, खडीला?"

काटेवाल्यांनी कपबशा विसळायला घेतल्या. पण त्या आठवड्यात त्यांनी एका ट्रकचं वजन दोनदा केलं, असं ड्रायव्हर सांगत होता. हे सव्वीस वर्षांत झालं नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी काटेवाले रेषेशी लाकडी खुर्चीवर बसले, एका हातात घड्याळ, दुसऱ्यात यादी. वहिनींच्या हातात झेंडा. फेऱ्या पाच. मी सुटलो, आणि पुढची दीड मिनिटं जगातला सगळ्यांत पुढचा माणूस होतो. मग बाई सुटल्या, मग एकेक जण. शेवटी दंतवैद्य.

वहिनींची शंका खरी ठरली. दंतवैद्य निघाला तो फिरायला निघाल्यासारखा. त्याची पहिली फेरी संपत आली तेव्हा बेकरीवाला एक अख्खी फेरी जास्त मारून मागून त्याच्यापाशी आला. त्याच्या शेजारी गाडी नेऊन बेकरीवाला ओरडला, "डॉक्टर, बाजूला व्हा! पाव गरम आहेत!"

पाच वर्षांत दंतवैद्याला कुणी बाजूला व्हायला सांगितलं नव्हतं. (दूधवाला सोडून.) त्याने मान वळवून बेकरीवाल्याकडे पाहिलं, आणि मग पैज, पद्धत, पुढचं वर्ष सगळं विसरून गाडीचा कान पिळला. कारखान्याच्या छतावरची कबुतरं उडाली. काटेवाल्यांनी घड्याळावरून नजरही उचलली नाही.

पाचव्या फेरीचं शेवटचं वळण आलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं आणि माझा विश्वास बसेना. अकराच्या अकरा गाड्या एका घोळक्यात! पाठीशी धूर, आवाज, शिव्या. रेषा शंभर पावलांवर. वहिनी झेंडा वर करून उभ्या, आणि खुर्चीवर काटेवाले, डोळे भरून आलेले, ओठांवर आकडे.

बाई सर्वांत पुढे रेषा ओलांडून गेल्या, डब्यात भाऊ टाळ्या पिटत होता. त्यांच्यामागोमाग बेकरीवाला.

आणि उरलेल्या नऊ जणांनी करकचून ब्रेक लावले.

कारण तिसरं बक्षीस दाढेचं होतं. रेषेपासून हातभर अंतरावर नऊ फटफट्या धडधडत उभ्या राहिल्या, नऊ जणांचे पाय जमिनीवर.

"या ना, तुम्ही पुढे व्हा."

"छे छे, तुम्ही वयाने मोठे."

"माझ्या दाढा अगदी ठणठणीत आहेत हो, उगाच कशाला?"

"डॉक्टर, तुम्हीच जा! तुमचंच बक्षीस आहे!"

"मी स्वतःची दाढ कशी काढू?" दंतवैद्य म्हणाला. इतका आनंदी मी त्याला कधी पाहिला नव्हता, कारण त्याला एव्हाना पैज आठवली होती.

"चाळीस सेकंद!" काटेवाले खुर्चीवरून उठून ओरडले. "अहो, या! पन्नास! तुमच्या पाया पडतो, या!"

मी पुढे सरकायला हवं होतं. सांगायला लाज वाटते, पण माझी एक दाढ खरोखरच किडलेली होती आणि ती दंतवैद्याला ठाऊक होती.

शेवटी बाई गाडी वळवून परत आल्या. घोळक्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत शिकवलं होतं. "एका रांगेत!" त्यांचा आवाज कडाडला. "सगळे एकदम! चला!" आणि आम्ही नऊ जण, दंतवैद्यासकट, मान खाली घालून, चाकाला चाक लावून, एकदम रेषेपलीकडे गेलो.

काटेवाल्यांनी घड्याळ दाबलं. एक मिनिट बावीस सेकंद.

"गाड्या वेळेवर आल्या होत्या," ते म्हणाले. "सगळ्यांनी पाहिलंय."

"आल्या होत्या. ओलांडली नव्हती," दंतवैद्य म्हणाला. "कबूल केलं होतं ते ओलांडायचं."

"वहिनी, तुम्हीच सांगा," बेकरीवाला म्हणाला.

वहिनींनी झेंडा गुंडाळला. "ओलांडायचंच ठरलं होतं," त्या म्हणाल्या, आणि काटेवाल्यांची खुर्ची उचलून टेम्पोत ठेवली.

पुढच्या वर्षी सरळ शर्यत झाली. चार जण आले होते. दंतवैद्य पहिला आला.