विहिणीची पंगत आणि माझी रॅपबंदी

माझ्या मुलीचं लग्न मोडायला आलं, तेव्हा मांडवातली प्रत्येक गोष्ट यादीप्रमाणे अगदी वेळेवर चालली होती.

मी याद्या करणारी बाई आहे. तामसी गावातल्या आमच्या घरात लग्नाच्या अकरा याद्या भिंतीवर चिकटवलेल्या होत्या. (अकरावी, पहिल्या दहा कुठे आहेत याची.) घोळ केला तो बाराव्या यादीनं. ती माझी नव्हती, नवरीची, म्हणजे शीतलची होती: डीजेनं वाजवायची सतरा रॅप गाणी!

मी वही घेऊन मोबाइलवर ती पाहायला बसले. तीन रकाने आखले: गाण्यातली बाई काय घालते, काय करते, काय बोलते. पहिला रकाना भरून पान उलटावं लागलं. दुसऱ्यात ती गाडीत बसते आणि गाडीतून उतरते. (एकीनं तर अख्खं गाणं बॉनेटला टेकून काढलं!) तिसरा कोरा.

"शीतल, बारा गाणी झाली, एक बी बाई तोंड उघडत नाई!"

"आई, गाणी हायेत ती. ग्रामसभा नाई."

"अन् वरून तो तिलेच धोकेबाज म्हणते! बिचारीनं केलं काय? गाडीत बसली!"

"तेरावं आयक ना. त्यात पोरगीच रॅप करते."

ऐकलं. पोरगी झकास बोलत होती. पण अर्ध्या मिनिटात तिनं दुसऱ्या एका पोरीचं नाकापासून चपलेपर्यंत सगळं काढलं.

"बंदी!" मी जाहीर केलं. "मांडवात बाईची इज्जत ठेवणारी आपली जुनी गाणीच होतील."

उटनूरहून ह्यांच्या गयाआत्या आल्या होत्या. पंगतीत गाणी म्हणण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

"कोणती म्हणू?" त्यांनी विचारलं.

"सगळी म्हणा, आत्या!"

(कोथिंबीर आणायची तरी जी लिहून ठेवते, तिनं आत्यांकडून गाण्यांची यादी मागितली नाही!)

लग्नाच्या आदल्या दुपारी विहिणीची पंगत बसली. आमच्याकडे नवरदेवाच्या आईला पाटावर बसवून जेवू घालतात आणि मुलीकडच्या बाया गाण्यातून तिला चिडवतात. लहानपणी ऐकलेल्या त्या गाण्यांच्या चाली मला आठवत होत्या. शब्द विसरले होते. आमच्या विहीणबाई, विमलबाई, जन्मापासून मंचेरियलच्या. त्यांच्या तेलुगू शेजारात हा रिवाज कुठून असणार? त्यांनी पहिला लाडू उचलला आणि गयाआत्यांनी सूर लावला:

"विहीण आली मोटारीतून, टायर बसले भारानं,
बुंदीची टोपली रिती झाली, एकाच तिच्या घासानं!"

विमलबाईंचा लाडू हवेतच थांबला.

"पावडर लावून शेरभर, विहीण बसली नटून,
नवरा ठेवला घर राखाया, दिरासंगं आली हिंडून!"

आता योगायोग पाहा. व्याही ड्यूटीमुळे संध्याकाळी येणार होते आणि विमलबाईंना गाडीनं घेऊन आलेले त्यांचे दीर शेजारच्याच पाटावर भात कालवत होते!

"मले जेवाले बोलावलं का बेइज्जत कराले?" विमलबाई ताडकन उठल्या. "भाऊजी, गाडी काढा!"

यावर आमच्या बायांनी टाळ्या पिटल्या! कारण आमच्याकडे विहिणीनं रुसायचं, हाही रिवाजच. "काय सुंदर रुसली!" म्हणत त्यांनी रुसव्याचं गाणं धरलं. विमलबाई मात्र खरोखर फाटकापाशी पोचल्या होत्या.

हळदीनं माखलेली शीतल रडवेली होऊन धावत आली. "आई, त्या चालल्या! काई तरी कर ना!"

पाऊस आला तर, वीज गेली तर, आचारी पळाला तर, अशा सगळ्यांच्या याद्या माझ्याकडे होत्या. विहीण गेली तर, अशी नव्हती. मी फाटकात हात जोडून उभी राहिले.

"विहीणबाई, रिवाज हाये आमचा. तुमी बी गाण्यात उलटं बोला."

"मले तुमच्या चाली नाई येत."

"मग काय येते?"

त्या जरा घुटमळल्या. "पोरासंगं रॅप आयकून आयकून... ठेका असला तं बोलता येते."

शीतलनं डीजेवाल्याला खूण केली. धाड धाड ठेका सुरू झाला. विमलबाईंनी माइक घेतला, पदर खोचला आणि माझ्याकडे बोट केलं:

"यादीवाली विहीण आमची, पेन खोचते केसात,
शिंक आली तरी म्हणते, लिहून घेऊ दे वहीत!
यादी केली, नंबर दिला, नवरा त्यात हरवला,
आठ दिवस शोधला तेव्हा कोथिंबिरीखाली गावला!"

मांडव कोसळायचा बाकी राहिला. सर्वांत मोठ्यानं आमचे हेच हसत होते!

"आता तुमी उत्तर द्या," विमलबाईंनी माइक माझ्या हातात कोंबला. "तवाच पाटावर बसतो."

दोनशे माणसं बघत होती. शीतल हात जोडून उभी. ठेका चालूच. माझ्या तोंडातून निघाली ती उद्याची यादी:

"पाचले पाणी! सहाले न्हाणी!
सातले नवरी, शालू आणी!
आठले अक्षता! नवाले वरात!
जो करीन उशीर, त्याले नाई भात!"

सगळ्यात आधी विमलबाईच ओरडल्या, "पुना एकदा!" मी पुन्हा म्हटलं. चौथ्यांदा म्हटलं तेव्हा त्या पाटावर बसून तिसरा लाडू खात होत्या आणि गयाआत्या डीजेवाल्याला ठेका वाढवायला सांगत होत्या.

लग्न ठरल्या मिनिटाला लागलं. मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका लग्नपत्रिकेत माझं नाव छापून आलं. आप्तेष्टांत नाही, डीजेच्या खाली.