अंगठ्याखालचा लेखक

आर्वीहून वर्ध्याला येताना एसटीत शेजारच्या गृहस्थांनी एक लेख माझ्या मांडीवर ठेवला. मथळा भारदस्त होता, 'रुपयाचा विनिमय दर आणि जागतिक चलनधोरण'. लेखकाच्या नावावर मात्र त्यांनी अंगठा दाबून धरला होता.

"मी प्राध्यापक आहो, पण नाव इचारू नका," ते म्हणाले. "परीक्षकाले लेखकाचं नाव कळलं का लेख बाद. आन् लेख छापला नाई तं माह्यं प्रमोशन बोंबललं."

"परीक्षक कोण?"

"तुम्हीच ना, भाऊ."

लेख ज्या जर्नलात छापायचा ते, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, आंतरराष्ट्रीय होतं, कारण त्याच्या संपादक मंडळावर काठमांडूचे एक दुकानदार होते. संपादक म्हणजे यांचेच थोरले भाऊ. ते वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघे गावी राहत्या घरातून अंक काढत. फक्त परीक्षक त्रयस्थ हवा, या नियमाला दोघे भाऊ भलतेच जपत.

मी पानं उलटत गेलो. दर पानावर नाव छापलेलं होतं, त्यामुळे अंगठाही माझ्यासोबत वाचत होता.

"मला यातलं काहीच कळलं नाही," मी शेवटी कबूल केलं.

त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे लेख त्या दर्जाचा झाला. हेच जरा विद्वानावानी लिहून द्या."

मी लिहिलं, 'विषयाची खोली सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेर आहे.'

सिंदी मेघेच्या थांब्यावर थोरले भाऊ उभे होते. धाकट्याला पाहून त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं.

"नाव नको घेऊ ना, दादा," प्राध्यापक पायरीवरूनच कळवळले. "परीक्षक गाडीतच बसून हाये."

दादांनी तोंड मिटलं आणि संपादकाला शोभेल अशा परकेपणानं भावाच्या हातातली पिशवी घेतली.