ताईंना जेल घट्ट लागलं होतं

मंडळी, आज मला स्वतःचीच लाज वाटतेय.

परळच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही जिवंत पेशी मऊ आणि कडक जेलवर वाढवतो. पेशी आपल्याखालचं जेल ओढून बघतात. मऊ लागलं तर गोल राहतात, कडक लागलं तर हातपाय पसरतात.

दोन आठवड्यांपूर्वी वैशालीताईंच्या मऊ जेलवर पेशी चक्क पसरल्या. ताई आमच्या टेक्निशियन, माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, जेलच घट्ट लागतंय. चीक जास्त पडल्यावर खरवस होतो ना, तसं."

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ताई, इथे स्वयंपाकघरातले अंदाज चालत नाहीत." आणि प्रयोग त्यांच्याकडून काढून घेतला.

आज तोच प्रयोग मी स्वतः केला. पेशी पुन्हा पसरलेल्या! वही उघडली, तर जेलच्या मिश्रणाच्या बाटलीत घट्ट करणारं द्रावण दुप्पट घातल्याची नोंद. दोघींनी वापरलेली ती बाटली मीच भरली होती. वहीतलं अक्षरही माझंच.

ताईंना बाजूला घेऊन सॉरी म्हटलं. हात पुसत त्या म्हणाल्या, "असू दे मॅडम. पण त्या दिवशी सगळे होते ना इथे?"

लॅबमधले सगळे माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, म्हणून इथे लिहितेय. चूक माझी होती. उद्याच्या मीटिंगमध्ये उभी राहूनही सांगणार आहे.

अपमान चारचौघांत आणि माफी कोपऱ्यात, असं तुम्ही कधी केलंय का?