रडण्याले ढोलकी वाजवणारी कमलमावशी

कमलमावशी आज सकाळी गेली.

तिले आम्ही एकटं पाडलं. सगळ्यात आधी मी.

ज्याइले ती माहीत नाई, त्याइच्यासाठी लिहिते. दिग्रसकडं आमचा बंजाऱ्यांचा तांडा. नाल्यापलीकडं बौद्ध वस्ती, मावशी तिथली. भीमजयंतीले बायकांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायची.

कापसाच्या त्या खराब वर्षांत माझे बाबा गेले. कसे गेले, ते तेव्हा आमच्याकडं कोणी विचारत नसे. सगळ्याइले समजायचं.

माझी याडी, म्हणजे माय, बोलायचीच बंद झाली. आठ महिने. एक काउन्सेलर आला, फॉर्म भरून गेला. याडीनं त्याच्याकडं पाह्यलं पण नाई.

मग एका दुपारी मावशी तीन बाया अन् ढोलकी घेऊन दारात हजर. दोन गाणी म्हटली अन् याडीले म्हणे, "आता तुमचं म्हणा वं बाई."

याडीनं ढावलो धरला.

ढावलो म्हणजे आमची नवरी सासरी जाताना एकेकाच्या गळ्यात पडून रडते, ते. त्याले वाद्य नसते. मावशीले काय माहीत! तिले वाटलं गाणं आहे. तिनं खालून मस्त ठेका दिला.

आमची काकी ओरडली, "अवं, रडणं हाय ते!"

मावशीनं जीभ चावली. "माय वं! चुकलं माह्यं."

अन् याडी हसली. आठ महिन्यांनी.

"वाजव," म्हणे. "रडणं तरी तालात होऊ दे."

मग अशी रडली, अशी रडली की विचारू नका.

तोवर आमच्या तांड्यावर वस्तीतला चहा कोणी पेत नव्हतं. खरं आहे ते लिहून राह्यली. त्यानंतर दोन्हीकडच्या बाया मिळून दुःखाच्या घरी जाऊन बसायच्या, गायच्या. कैक वर्षं.

पुढं याडी वारली. कोणी पुण्याले नातू सांभाळाले गेली. मी यवतमाळले शाळेत नोकरीवर. पार्टी संपली.

मागच्या साली मावशीचा एकुलता एक पोरगा अ‍ॅक्सिडेंटमध्ये गेला.

तिचा मले फोन आला. "सुनी, दोघीतिघी घेऊन येजो वं. घरात मी अन् सून दोघीच, जवळ बसाले कोणी नाई."

"येते ना मावशी, दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाली. शाळेचं काम, पोरांची परीक्षा. मी तिले व्हॉट्सअ‍ॅपवर एक गाणं पाठवलं. लाज वाटते सांगाले.

ती म्हणे, "आयकलं बाई. पण मोबाइल काही जवळ येऊन बसत नाई."

आज मी तिच्या घरी गेलती. तिच्या सुनेनं पाणी दिलं अन् म्हणाली, "ताई, आई रोज दुपारी ओसरीत सतरंजी हातरायच्या. म्हणायच्या, सुनी बाया घेऊन येऊन राह्यली."

कालही हातरली होती म्हणे.

मले माफ नको करू मावशी.

जय भीम.