नकाशावर उभा राहिलेला नारळ

आधीच सांगते, मी अमरावतीच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं करायची. त्यामुळे असला अनुभव नेमका मलाच यावा, हा माझ्यावर अन्याय आहे.

साल त्रेसष्ट-चौसष्ट असेल. आमचे हे वकील. ह्यांचा कॉलेजातला एक मित्र नौदलात पाणबुड्या होता आणि आता केरळच्या पश्चिमेच्या बेटांवर — आज ज्यांना लक्षद्वीप म्हणतात — प्रवाळांची पाहणी करत होता. त्यानं कळवलं, 'दोघं या. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी नेतो.' झालं! ह्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण घरात दुसरा विषय नाही. बैठकीत नकाशाचं पुस्तक कायम उघडं, त्यात एका ठिपक्याभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ. सकाळी घंगाळात तोंड बुडवून श्वास रोखायचा सराव... मग अर्धा तास खोकला. हसत होते मी, पण जायचं मलाही होतं. अगदी जीव तुटत होता.

अडचण एकच — सासूबाई. ह्यांच्या पत्रिकेत जलघात!

"पूर्णेच्या पुलावरून जातानी मी तुले मांडीवर दाबून धरत होती, अन् तू समुद्रात बुडी माराले चालला? मी जित्ती हाय तवर नाही."

कोर्टात गर्जणारे वकीलसाहेब आईपुढे मांजर. मित्राला तर लवकर होय-नाही कळवायचं होतं.

त्यातच पुंजाजी पाणाडी आला. आमच्या दर्यापूरकडच्या शेतातल्या दोन्ही विहिरी खाऱ्या लागलेल्या — खारपाण पट्ट्यात दुसरं काय लागणार! तिसरीची जागा दाखवायला सासूबाईंनी त्याला बोलावलं होतं. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो चालायचा, आणि खाली गोडं पाणी असलं की नारळ उभा राहायचा म्हणे. मी चहा देता देता डिवचलं, "पुंजाजी, आम्हालाही दाखवा की तुमचा नारळ."

तो उठला, नारळ घेऊन बैठकीतून चालू लागला. नकाशापाशी आला आणि नारळ... उभा राहिला.

"अरे बापा! इथं पानी हाय, बाई."

हे खो-खो हसले. "पुंजाजी, समुद्राचा नकाशा आहे तो! पाणीच पाणी!"

"खाऱ्यावर नारळ उठत नाही, वकीलसाहेब. गोडं हाय."

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. पान उलटलं, राजस्थान आलं — नारळ आडवा. पुंजाजीच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला, पानं मागेपुढे केली, वर चादर घातली. ते पान असलं की नारळ उभा, दुसरं असलं की झोपलेला! शेवटी मी तो स्वतःच्या तळहातावर घेतला आणि वर्तुळावर हात नेला. नारळ हळूच फिरला... आणि उभा राहिला. सर्रकन काटा आला अंगावर. ह्यांच्या हातावर मात्र ढिम्म.

सासूबाईंनी नारळाला हळदकुंकू वाहिलं आणि निकाल दिला, "जाय. पन खाऱ्या पान्यात पाय टाकशीन तं माही शपथ हाय तुले. बुडी माराची तं त्या गोड्या पान्यात मार."

"आई, समुद्राच्या मधात गोडं पाणी कुठून येईन?"

"नारळाले इचार."

आम्ही गेलो. अमरावतीहून रेल्वे, पुढे बोट, बोटीत ह्यांच्या ओकाऱ्या. बेटाशी पोचल्यावर खाऱ्या पाण्यात पाय नको म्हणून दोन खलाशांनी ह्यांना उचलून वाळूवर ठेवलं. मित्राला गोड्या पाण्याचं विचारलं, तर तो सहज म्हणाला, "इथे थोडं खणलं की गोडं लागतं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्यावर तरंगत राहतं."

ह्यांनी लगेच टाकी मागितली.

पिण्याच्या विहिरीत कोण उतरू देणार? पण अंघोळीचं एक डबकं होतं, गुडघाभर. ह्यांनी तोंडावर काच लावली, पाठीवर टाकी बांधली, आत उतरले आणि... बसले. मला हसू आवरेना. मग त्यांचा उतरलेला चेहरा पाहिला.

"अहो, मोडा ना शपथ. सासूबाई थोड्याच बघताहेत?"

"नाही गं. आईची शपथ आहे." मग काच काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "पण ती मला घातली आहे. तुला कुठे घातलीय?"

मी काष्टा घातला. पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली बाई मी, हा डबा जरा मोठा. मित्रानं हात धरून समुद्रात खाली नेलं. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे माझ्या बांगड्यांना चोची मारत होते. इतका आनंद मला पुढे कशानंच झाला नाही. वर आले तर हे पाण्यापासून हातभर लांब उभं राहून ओरडत होते, "काय दिसलं? सगळं सांग, काही गाळू नको!"

गंमत म्हणजे पुंजाजीनं शेतात दाखवलेली तिसरी विहीरही खारीच लागली. मग छापील कागदावर तो नारळ का उठला? आणि ह्यांना सोडून माझ्या हातावर का? मला आजही सांगता येत नाही. सासूबाईंना मात्र कोडं कधी पडलंच नाही. "त्याले ठाऊक होतं," त्या म्हणायच्या, "कोन उतरनार हाय ते."

विज्ञानात याला उत्तर म्हणत नाहीत. पण माझ्याकडे याहून बरं नाही.