आधी तिला विचार

वर्षा शिगवणची आणि माझी पहिली भेट गणपतीपुळ्याला झाली. आमच्या कॉलेजचा गट देवळाजवळच्या वाळूत मानवी तस्करीवर पथनाट्य करत होता आणि फसवून नेलेल्या मुलीचं काम माझ्याकडे होतं. मी जीव तोडून रडले. दर्शनाला आलेल्या बायकांनी डोळे पुसले, एका आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. नाटक संपल्यावर मी पाणी पीत होते, तेव्हा त्याच वर्षी कॉलेजला आलेली एक उंच, सावळी मुलगी शेजारी येऊन बसली.

"चांगलं रडतेस गो," ती म्हणाली. "पण फसलेली पोरगी रडत जात नाय. ती नवीन ड्रेस घालून, केसांना क्लिपा लावून, हसत जाते. म्हणून तर कोणाला कळत नाय."

मला राग आला. नाटकात कधी उभी न राहिलेली ही मुलगी मला अभिनय शिकवणार होती! पण परतीच्या बसमध्ये ते वाक्य डोक्यातून जाईना. पुढच्या प्रयोगात मी हसत, नटूनथटून निघाले. कोणी डोळे पुसले नाहीत, टाळ्याही जेमतेमच पडल्या. मात्र प्रयोग संपल्यावर एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, की तिच्या पुतणीला नोकरीसाठी न्यायला कोणी ओळखीची येऊन गेली आहे आणि पुतणी अशीच खुशीत आहे. जरा चौकशी करता का? त्या दिवसापासून वर्षा आमच्या गटात आली.

ती लांजा तालुक्यातल्या एका आतल्या गावची. वडील मुंबईत वॉचमन, आई घरची भातशेती बघायची. कॉलेजसाठी रत्नागिरीलगत मिरजोळ्याला, एमआयडीसीजवळ, दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन ती राहायची. तिला एक सवय होती. ती प्रत्येक गोष्ट विचारून करायची. वर्गातली खिडकी उघडायची तरी शेजारच्या बाकाला विचारणार, "उघडू काय?" माझ्या डब्यातली कोलंबीची भजी तिला फार आवडत, पण मी पुढे केल्याशिवाय तिने कधी हात घातला नाही. ओंकार, आमच्या गटाचा पुढारी, तिला 'परवानगीबाई' म्हणायचा. ती हसून म्हणायची, "देवाने तोंड कशाला दिलंय मग?"

मिरजोळ्याच्या किराणा दुकानात तिला त्या दोघी बहिणी दिसल्या. झारखंडच्या. थोरली एकोणीस-वीसची असेल, धाकटी पंधरा-सोळाची. त्यांच्याबरोबर नेहमी एक माणूस असायचा. दुकानदाराने त्यांना काही विचारलं, की उत्तर तो द्यायचा. वर्षाच्या नजरेत ते लगेच भरलं. एकदा त्या माणसाला फोन आला म्हणून तो बाहेर गेला, तेव्हा वर्षाने मोडक्यातोडक्या हिंदीत धाकटीला विचारलं, जेवलीस का? धाकटीने बहिणीकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

पुढे असेच चोरटे क्षण जोडत जोडत गोष्ट कळली. शिलाईच्या कारखान्यात काम देतो म्हणून त्यांना आणलं होतं आणि इथे एका ठेकेदाराच्या शेडमध्ये कोलंबी सोलायला बसवलं होतं. बर्फातली कोलंबी सोलून दोघींची बोटं फुटली होती. फोन आणि आधार कार्डं ठेकेदाराकडे. काम संपलं की खोलीला बाहेरून कडी. पोलिसांकडे गेलात तर तेच तुम्हाला आत टाकतील, असं त्याने दोघींच्या मनात पक्कं भरवलं होतं.

वर्षाने पहिल्याच दिवशी मुलांच्या हेल्पलाइनवर कळवलं होतं. तिथल्या ताईंनी खोली नक्की कुठली, आत किती जणी, हे समजून घेऊन पोलिसांशी बोलणं सुरू केलं होतं. आमच्या गटाला मात्र दम निघत नव्हता. ओंकारचं म्हणणं, वीस पोरं घेऊन जाऊ, दार तोडू आणि सगळं लाइव्ह दाखवू. आम्हा बहुतेकांना ते पटलं होतं. कॅन्टीनमध्ये तावातावाने बेत चालला होता. वर्षा सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आधी एकाने पोरीला उचलून आणली. आता दुसरे उचलून नेणार. तिच्यासाठी काय फरक पडला रे? आधी तिला विचार की, बाई, तुला काय पायजे."

ओंकार चिडून म्हणाला की विचारत बसलो तर पोरगी हातची जाईल. वर्षाचा चेहरा उतरला. तीच भीती तिलाही होती. ती नीट जेवत नव्हती, हे तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने मला सांगितलं होतं. पण ती रोज दुकानात जात राहिली. थोरलीला तिने एवढंच पटवलं, की पोलिसांत एक बाई आहेत, मी त्यांच्याशी बोलले आहे, त्या तुम्हाला कोंडणार नाहीत. आणि तू हो म्हणालीस तर त्या येतील तेव्हा मी दारात असेन.

एका दुपारी थोरली दुकानात एकटीच आली. ठेकेदाराचा तो माणूस बाहेर मोटरसायकलवर बसला होता. तिने साबण मागितला आणि वर्षाकडे न बघता म्हणाली, "दीदी, छोटी को गोवा भेज रहे हैं. बुला लो."

त्याच दुपारी हेल्पलाइनच्या ताई आणि पोलिसांची गाडी आली. आम्हा बाकीच्यांना वर्षाने लांब, रस्त्याच्या वळणावर थांबवलं होतं. आत काय झालं ते ताईंनी मला नंतर सांगितलं. कडी काढली गेली. ठेकेदार शांतपणे सांगत होता, की या माझ्या गाववाल्याच्या मुली, मी त्यांना सांभाळतो. फौजदार बाईंनी मुलींना विचारलं तर कोणी तोंड उघडेना. खाकी बघून धाकटी भिंतीला चिकटली होती. वर्षा दारातच उकिडवी बसली. फक्त थोरलीला दिसेल अशी बसून राहिली. बऱ्याच वेळाने थोरलीने ठेकेदाराकडे बोट केलं आणि बोलायला लागली. मग थांबलीच नाही.

ठेकेदाराला अटक झाली. गावात बातमी पसरली आणि आमचं कौतुक सुरू झालं. एका पुढाऱ्याने सत्कार ठरवला. त्या दोघींनाही स्टेजवर बसवा, असा त्याचा निरोप आला. प्राचार्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. ते खुशीत होते, कॉलेजचं नाव होणार होतं. वर्षा उभी राहून म्हणाली, "सर, आमचा सत्कार करा नायतर नका करू. पण त्या पोरी स्टेजवर येणार नाहीत. त्यांना अजून त्यांच्या गावच्या बाजारात फिरायचं हाय."

प्राचार्यांनी तिला पोक्तपणे समजावलं, मग आवाज चढवला. ती मान खाली घालून उभी राहिली, पण हो म्हणाली नाही. सत्कार रद्द झाला. ओंकारने सुटकेच्या दिवशी लांबून काढलेला व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता. धाकटीचा चेहरा त्यात ओझरता दिसत होता. वर्षा त्याच्या घरी गेली. तिने भांडण केलं नाही. त्याच्या बहिणीला बोलावलं आणि त्याला विचारलं, की हिचा असा व्हिडिओ ठेवला असतास काय? ओंकारने तो तिच्यासमोर काढून टाकला. नंतर गटातल्या काहींनी तिच्याशी बोलणं सोडलं. शेवटच्या वर्षी आदर्श विद्यार्थ्याच्या पुरस्कारासाठी तिचं नाव कोणी सुचवलंसुद्धा नाही. मी हळहळले, तर म्हणाली, "मधुरा, त्या घरी पोचल्या ना? मग झालं."

घरी पोचल्या, एवढ्यावर ते संपलं नव्हतं. खटला उभा राहिला तेव्हा थोरली साक्षीला आली. लांबच्या प्रवासाने दमून कोकण रेल्वेतून उतरली, ती न्यायला आलेल्या वर्षाचा हात धरूनच. ठेकेदाराचं तोंड बघायला लागेल, हीच तिला धास्ती होती. वर्षाने वकीलबाईंना गाठून पडद्याची सोय करून घेतली. साक्ष देऊन थोरली बाहेर आली आणि कोर्टाच्या पायरीवर बसून रडली. मी तिला गप्प करायला पुढे झाले, तर वर्षाने मला नजरेने थांबवलं. रडून झाल्यावर थोरलीनेच तोंड धुतलं आणि मासे खायचे आहेत म्हणाली. आम्ही तिघी बांगडा-भात खायला गेलो. ठेकेदाराला शिक्षा झाल्याचं वर्षाने पुढे तिला फोनवर सांगितलं, तेव्हा ती पलीकडे नुसतीच हसत राहिली.

आता मी रत्नागिरीतच बँकेत आहे. वर्षा घाटावरच्या एका जिल्ह्यात मुलींच्या बालगृहात अधीक्षिका आहे. लग्नाची स्थळं तिची आई अजून आणते आणि ती अजून विचार करते आहे. गेल्या हिवाळ्यात परवानगी काढून मी तिला भेटायला गेले. अंगणात ती वाल सोलत बसली होती. जवळच जोत्यावर एक नवी मुलगी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. तिला कुठल्याशा लॉजमधून सोडवलं होतं. आल्यापासून तिने फक्त एक नाव सांगितलं होतं आणि त्या नावाने हाक मारली की दचकायची. वर्षा माझ्याशी इकडचं तिकडचं बोलत राहिली, आंब्याला मोहोर आला काय, आईचे गुडघे कसे आहेत. मुलीला तिने काहीच विचारलं नाही.

वाल सोलून होत आले तेव्हा ती मुलगी पुटपुटली, "ते नाव माझं नाही. लॉजवरच्या बाईने ठेवलेलं." आणि तिने आपलं खरं नाव सांगितलं.

वर्षाचे हात थांबले. तिने ते नाव एकदा सावकाश उच्चारून पाहिलं, बरोबर म्हटलं ना, असं विचारलं. मुलीने मान डोलावली. मग परात उचलून वर्षा उठली आणि त्याच नावाने तिला जेवायला बोलावलं. मुलगी उठली आणि तिच्या मागोमाग आत गेली.